अहवाल कालावधी (गुंतवणूक)

अहवाल कालावधी म्हणजे गुंतवणूक संचाच्या (पोर्टफोलिओच्या) अहवालात ज्या दोन तारखांमधील व्यवहार, मूल्य व परतावा दाखवला जातो, तो कालखंड होय. गुंतवणुकीच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सामान्यतः 'चालू आर्थिक वर्ष', 'मागील आर्थिक वर्ष' असे तयार पर्याय असतात. वापरकर्त्याने आरंभाची व अखेरची तारीख स्वतः दिल्यास त्यास ऐच्छिक कालावधी म्हणता येते.

गणनपद्धती

कालावधीचे आरंभीचे मूल्य म्हणून सामान्यतः आदल्या दिवसाचे अखेरचे मूल्य धरतात. १ एप्रिलपासूनच्या अहवालात ३१ मार्चचे अखेरचे मूल्य येते. त्या दिवशी बाजार बंद असल्यास त्याआधीच्या कामकाजाच्या दिवसाचा भाव घेतात. मधल्या काळात भरलेल्या व काढलेल्या रकमांचा तारखेनुसार हिशेब करण्यासाठी एक्सआयआरआर ही पद्धत वापरतात. वर्षाहून लहान कालावधीचा परतावा वार्षिक दरात मांडणे दिशाभूल करणारे ठरू शकते. तीन महिन्यांतील ५% वाढ वार्षिक दरात सुमारे २१.६% दिसते.

करआकारणीतील उपयोग

भारतात आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असे असते. सूचिबद्ध समभागांवरील भांडवली नफ्याचे दर २३ जुलै २०२४ पासून बदलले. अल्पकालीन नफ्यावरील दर १५% वरून २०%, तर दीर्घकालीन नफ्यावरील दर १०% वरून १२.५% झाला. त्यामुळे २०२४-२५ या एकाच आर्थिक वर्षासाठी १ एप्रिल ते २२ जुलै व २३ जुलै ते ३१ मार्च असे दोन स्वतंत्र अहवाल आवश्यक ठरले.

अशा अहवालात तारखांची चाळणी विक्रीला लागू होते, खरेदीला नाही. डिमॅट खात्यातील समभागांसाठी 'आधी घेतलेले आधी विकले' हे तत्त्व पाळले जाते. म्हणून कालावधीपूर्वीच्या खरेदी नोंदी सॉफ्टवेअरमध्ये नसल्यास नफा चुकीचा निघतो. म्युच्युअल फंडांचे एकत्रित खाते विवरण विशिष्ट कालावधीसाठी मागवल्यास त्यात आधीचे व्यवहार येत नाहीत, केवळ आरंभीची युनिट शिल्लक दिसते.

हंगामी उत्पन्न

ज्यांची मिळकत हंगामी असते, त्यांच्या बचतीचे चक्र आर्थिक वर्षाशी जुळत नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण किनाऱ्यावर जून व जुलै महिन्यांत यांत्रिक नौकांच्या मासेमारीस पावसाळी बंदी असते. हंगामात गुंतवलेली रक्कम या काळात घरखर्चासाठी काढली गेल्यास, आर्थिक वर्षाच्या अहवालात एका हंगामाची बचत दोन वर्षांत विभागली जाते. १ ऑगस्ट ते ३१ जुलै असा कालावधी निवडल्यास हंगामातील बचत व त्यानंतरची उचल एकत्र दिसते. देवगड परिसरातील हापूसचा हंगामही ३१ मार्चला दुभंगतो. मात्र आयकर विवरणपत्रासाठी आर्थिक वर्षाचाच अहवाल लागतो.

मर्यादा

तारखांच्या निवडीने परताव्याचे चित्र बदलते. मुंबई शेअर बाजाराचा सेन्सेक्स ३१ डिसेंबर २०१९ रोजी ४१,२५३.७४, कोविडकाळातील घसरणीत २३ मार्च २०२० रोजी २५,९८१.२४ आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी ४७,७५१.३३ अंकांवर बंद झाला. पहिल्या तारखेपासून मोजल्यास वाढ सुमारे १५.८%, तर दुसरीपासून सुमारे ८३.८% येते. दोन्ही आकडे अचूक आहेत. त्यामुळे दोन संचांची तुलना करताना दोहोंसाठी, तसेच निर्देशांकासाठी, एकच कालावधी घेणे आवश्यक असते.

हेही पहा

- आर्थिक वर्ष
- म्युच्युअल फंड
- भांडवली नफा
- सेन्सेक्स