औंधच्या टेकडीवरील चित्रशाळा

सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यांत औंध हें गांव आहे. गांवालगत एक टेकडी, तिच्या माथ्यावर मूळपीठाच्या यमाईचें देऊळ, आणि चढणीच्या अर्ध्या वाटेवर श्रीभवानी संग्रहालयाची इमारत. आगगाडीचें स्थानक रहिमतपूरचें, आणि तेंहि कांहीं कोस दूर. मुंबईपुण्याच्या एखाद्या धनिकानें कलेचें मंदिर बांधण्याचें मनांत आणलें असतें, तर ही जागा त्याच्या स्वप्नांतहि आली नसती. तरीहि 1938 सालीं तें येथेंच उभें राहिलें. याचें कारण तें उभारणाऱ्या पुरुषाच्या स्वभावांत शोधावें लागतें.

औंध संस्थान म्हणजे अवघीं 72 गांवें, आणि तींहि एका सलग पट्ट्यांत नव्हेत. आटपाडी माणदेशांत, कुंडल कृष्णेच्या खोऱ्यांत, तर गुणदाळ पार विजापूरकडे. या तुटक मुलखाचे अधिपति श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधि 1909 सालीं गादीवर आले. राजेलोकांना शिकारीचा वा घोड्यांचा नाद असतो. यांना नाद होता कुंचल्याचा. 1916 सालीं त्यांचें 60 चित्रांचें चित्ररामायण प्रसिद्ध झालें. दोनच वर्षांनीं त्यांनीं पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरास महाभारताच्या सचित्र आवृत्तीसाठीं एक लाख रुपये देण्याचें वचन दिलें. महाभारताच्या ज्या चिकित्सक आवृत्तीचा आज विद्वानांत एवढा गौरव होतो, तिच्या मुळाशीं एका चित्रकाराची ही हौस होती, हें पुष्कळांच्या ध्यानांत नसतें.

बाळासाहेबांच्या स्वतःच्या चित्रांत अभ्यास आणि श्रद्धा भरपूर. प्रतिभेची झेप मात्र बेताची. असें म्हटल्यानें त्यांच्या कीर्तीस बाध येत नाहीं. हात स्वतः रंगांत बुडालेला असल्यामुळें दुसऱ्याच्या रेषेमागचे कष्ट त्यांना कळत. केवळ पैसा असलेल्या संग्राहकाला जें साधत नाहीं, तें त्यांना साधलें तें यामुळेंच.

संग्रहालयांत शिरणाऱ्याच्या हें लौकरच लक्षांत येतें. येथें राजा रविवर्म्याची 'सैरंध्री' आहे, धुरंधरांचीं चित्रें आहेत, पहाडी शैलींतील किरातार्जुनाचे प्रसंग आहेत, युरोपांतील जुन्या चित्रांच्या नकला आहेत. विलायतेंतील शिल्पकार हेन्री मूर यांनीं दगडांत घडविलेली आई व मूल यांची मूर्तिहि येथेंच आहे. मूर यांच्या कृतींसाठीं आज जगांतील मोठमोठीं संग्रहालयें धडपडतात, आणि त्यांतील एक माणदेशाच्या वेशीवरच्या या टेकडीवर शांतपणें बसलेली आहे. पण याहून महत्त्वाची गोष्ट निराळी. याच छपराखालीं औंधच्या आश्रयास राहिलेल्या महादेव व पांडोबा पाथरे यांच्या शिल्पांना जागा मिळाली. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनाहि मिळाली. हे आपल्याकडचे म्हणून त्यांना मागच्या खोलींत ढकललें नाहीं. आपल्या माणसाचें काम परक्या थोराच्या कामाशेजारीं मांडावयास मनाचा मोठेपणा लागतो, आणि थोडें धाडसहि लागतें. कारण पाहणारा तुलना केल्यावांचून राहत नाहीं.

औंधांत ही हवा कशी खेळत होती, याचें उत्तम उदाहरण पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचें. लोक त्यांना वेदांचे भाष्यकार म्हणून ओळखतात. पण ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत तयार झालेले, मेयो पदक मिळविलेले चित्रकार होते. औंधास येऊन त्यांनीं स्वाध्यायमंडळ चालविलें, आणि 1948 पर्यंत ते तेथेंच राहिले. त्यांचे पुत्र माधव सातवळेकर पुढें नामांकित चित्रकार झाले.

आतां सांगलीकडे वळावयाचें तर कुंडलास जावें लागतें. लक्ष्मणराव किर्लोस्कर तरुणपणीं याच जे. जे. कलाशाळेंत चित्रकला शिकावयास गेले होते. कांहीं रंग त्यांना ओळखूं येत नसत, म्हणून रंग सुटले आणि यंत्रांचीं रेखाचित्रें हातीं आलीं. बेळगांव सोडण्याची पाळी आली, तेव्हां बाळासाहेबांनीं त्यांना कुंडल रोड स्थानकाजवळची माळजमीन व दहा हजार रुपयांचें कर्ज दिलें. 1910 सालीं तेथें निवडुंग तोडून किर्लोस्करवाडी वसली. पुढें 1920 सालीं शंकरराव किर्लोस्करांनीं तेथून मासिक सुरू केलें. तेहि चित्रकलेचेच विद्यार्थी, आणि त्यांच्या 'टांकांच्या फेंकीं'नीं मराठी घरांत व्यंगचित्राला मानाचें पान मिळवून दिलें. लोखंडी नांगर आणि व्यंगचित्र एकाच माळावर निपजावें, हा योगायोग गंमतीचा खरा.

8 मार्च 1948 रोजीं दक्षिणेंतील संस्थानें मुंबई प्रांतांत विलीन झालीं. 1949 सालीं साताऱ्याचे दोन भाग झाले. दक्षिण सातारा म्हणून जो जिल्हा निघाला, त्याला 1960 सालीं सांगली हें नांव मिळालें. औंध साताऱ्यांत राहिलें, आटपाडी आणि किर्लोस्करवाडी सांगलींत गेली. बाळासाहेब 1951 सालीं निवर्तले. त्या काळांत कित्येक राजघराण्यांचे संग्रह वांटणींत फुटले, कित्येक विक्रीस निघाले. औंधचा संग्रह जागचा हलला नाहीं. आज तो महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालयें खात्याकडे आहे.

एवढी मोलाची संपत्ति अशा आडबाजूस कां ठेवावी, मुंबईस नेली तर लाखों लोक पाहतील, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो अगदींच पोकळ नाहीं. पण मुंबईच्या चित्रशाळेंत जाणारा माणूस बहुधा चित्रें पाहण्याच्या ठरावानेंच जातो. औंधास तसें नाहीं. पौषांत यमाईची यात्रा भरते, खटाव-माणचा शेतकरी बायकामुलांसह मूळपीठाची टेकडी चढूं लागतो, आणि देवीकडे जाणारी ती वाट संग्रहालयाच्या दारावरूनच जाते.