झिजेचा हिशेब

वसईपासून अर्नाळ्यापर्यंतच्या किनाऱ्यालगतच्या वाड्यांमधून केळी, पानवेली आणि भाजीपाला ज्या काळी बावखलांच्या, म्हणजे वाडीतल्या खोदीव तळ्यांच्या, पाण्यावर पोसला जात असे, त्या काळी त्या पाण्याचा सगळा बंदोबस्त रहाटाकडे असे. बैल अथवा रेडा संथपणे गोल फिरे, त्याच्या चालीबरोबर लाकडी चक्रे फिरत, आणि चक्रावरून खाली सोडलेल्या माळेला ओळीने बांधलेली मातीची गाडगी बावखलात बुडत, भरून वर येत व पन्हळीत रिती होऊन पुन्हा खाली जात. ह्या यंत्राच्या अनेक गुणांपैकी आज विशेषेकरून आठवावा असा गुण हा, की त्याची झीज त्याच्या धन्यापासून कधीही लपून राहत नसे. एखादे गाडगे फुटले, तर ते दर फेऱ्याला रितेच डोळ्यांसमोरून जाई. दोर कुजू लागला, तर माळ एका अंगाला ओढे. दाते झिजले, तर त्यांची कुरकुर शेजारच्या वाडीपर्यंत पोहोचे. कुंभाराकडून नवे गाडगे आणावे, सुताराला बोलावून दाता बसवून घ्यावा, की ह्या हंगामापुरते कमी पाण्यावर भागवावे, हा निर्णय सर्वस्वी वाडीवाल्याच्या अखत्यारीत होता. रहाट घडविणाऱ्या सुताराने त्याचा वेग परस्पर उतरविण्याचा अधिकार स्वतःकडे राखून ठेवला आहे असे कोणी सांगितले असते, तर त्या वाडीवाल्याला त्याचा अर्थही उमगला नसता.

पुढे तेलावरची इंजिने आली, मग विजेचे पंप आले, बेसुमार उपशाने गोड्या पाण्यात खारे पाणी शिरू लागले आणि बहुतेक वाड्यांतून रहाट निघून गेले. ती कथा स्वतंत्र आणि क्लेशकारक आहे. दुरुस्तीचा धंदा मात्र नाहीसा झाला नाही, त्याने केवळ जागा बदलली. १८६७ साली विरारहून मुंबईतील बॅकबेपर्यंत उपनगरी गाडी सुरू झाली, १९३६ साली विजेच्या गाड्या विरारपर्यंत धावू लागल्या, आणि वस्तीचा भार जसजसा स्थानकांभोवती वाढला, तसतसे घड्याळजी, रेडिओ दुरुस्त करणारे आणि अखेरीस मोबाइलचे कारागीर वसई रोड, नालासोपारा व विरार येथील चिंचोळ्या गाळ्यांतून मांड ठोकून बसले.

भारतातील मोबाइलवरचे पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता आणि दिल्ली यांच्या दरम्यान झाले. त्यानंतरच्या दशकात घरोघर पोहोचलेल्या नोकियाच्या संचांत बॅटरी ही नखाने झाकण सरकवून काढता येणारी वस्तू होती. २००७ च्या ऑगस्टमध्ये बीएल-५सी ह्या सर्वपरिचित बॅटरीच्या, मत्सुशिता कंपनीने बनविलेल्या ४ कोटी ६० लाख नगांविषयी नोकियाने इशारा दिला, तेव्हा सामान्य ग्राहकाने घरच्या घरी झाकण उघडून बॅटरीवरचे अंक पडताळून पाहिले. त्याच वर्षी बाजारात आलेल्या आयफोनची बॅटरी मात्र मोहोरबंद होती, आणि ती रीत पुढे जवळजवळ सगळ्याच कारखानदारांनी उचलली.

लिथियम-आयन बॅटरी आवर्तनागणिक आणि उष्णतेने जीर्ण होते. तिचा अंतर्गत रोध वाढतो, आणि प्रोसेसर क्षणभर मोठा प्रवाह मागू लागला की विद्युद्दाब एकाएकी कोसळून, पडद्यावर तीस टक्के दिसत असतानाच, फोन मिटतो. आयफोन ६ आणि ६एस यांविषयी अशा तक्रारी वाढल्यावर अ‍ॅपलने जानेवारी २०१७ मध्ये आयओएस १०.२.१ ही आवृत्ती धाडली. तिच्यात जीर्ण बॅटरी असलेल्या फोनच्या प्रोसेसरला आवर घालण्याची तजवीज होती. धन्याला दिसले ते एवढेच, की फोन मंदावला. १८ डिसेंबर २०१७ रोजी वेगमापनाचे सॉफ्टवेअर बनविणाऱ्या जॉन पूल यांनी अशा फोनांच्या वेगाचे आलेख प्रसिद्ध केले, दोन दिवसांनी कंपनीने कबुली दिली, आणि २८ तारखेला क्षमा मागून बॅटरी बदलण्याचा दर अमेरिकेत ७९ डॉलरांवरून २९ वर आणला.

ह्या उपायामागील कारण खरे होते, हे मान्य केले पाहिजे. ज्या विरारकराचे तिकीट फोनमध्येच असते, त्याचा फोन तपासनीस समोर उभा असताना मिटण्यापेक्षा सावकाश उघडलेला केव्हाही बरा. परंतु मंद फोन आणि मिटणारा फोन यांतून निवड करण्याचा हक्क त्या प्रवाशाचा होता, आणि बॅटरी बदलून भागते हे ठाऊक नसल्यामुळे ज्यांनी नवा फोन विकत घेतला त्यांचे नुकसान त्या मौनातून झाले. नव्या आवृत्त्यांनी फोन मंदावल्याबद्दल इटलीने ऑक्टोबर २०१८ मध्ये अ‍ॅपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरोंचा दंड केला. फ्रान्सने फेब्रुवारी २०२० मध्ये अ‍ॅपलला २.५ कोटी युरोंचा. मार्च २०१८ पासून आयफोनमध्ये बॅटरीची प्रकृती दिसू लागली आणि तो आवर बंद करण्याची मुभाही मिळाली.

गाळ्यातला कारागीर उष्ण हवेने चौकटीचा गोंद मऊ करतो, प्लास्टिकच्या पातळ पत्रीने पडदा उचलतो, नखाएवढी जोडणी सोडवतो आणि बॅटरीखालची चिकटपट्टी तुटू न देता इंचाइंचाने ओढून काढतो. ती तुटली तर बॅटरी उचकटावी लागते, आणि उचकटताना वाकली तर पेट घेण्याचे भय असते. एवढ्या कौशल्याने बसविलेली बॅटरी कंपनीच्या दफ्तरी नोंदलेली नसेल, तर २०१९ पासून नव्या आयफोनांत ती ‘अपरिचित’ ठरू लागली आणि तिची प्रकृती दाखविणेच काही वर्षे थांबले होते. म्हणजे जगभरच्या तक्रारींनी जी माहिती मिळवली, ती बाहेर दुरुस्ती करून घेणाऱ्या धन्यापासून पुन्हा काढून घेतली गेली. मला हा प्रकार मूळ मौनापेक्षाही अधिक अन्यायाचा वाटतो.

आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, आणि दुरुस्ती-निर्देशांकाविषयीच्या दुसऱ्या समितीचा अहवाल मे २०२५ मध्ये सादर झाला. उपकरण किती थरांनंतर उघडते, हत्यारे कोणती लागतात, सुटे भाग वेळेत मिळतात काय, दुरुस्तीची माहिती उपलब्ध आहे काय, ह्या ज्या बाबींवर गुण देण्याचे तेथे सुचविले आहे, त्या नालासोपाऱ्याच्या कारागिराला रोजच्या कामातून तोंडपाठ आहेत. त्यांत आणखी एक रकाना असावा, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे: बॅटरी जीर्ण झाल्यावर ह्या फोनचा वेग उतरविला जाईल काय, आणि तसे करण्यास नकार देण्याची मुभा धन्याला राहील काय, हे विक्रीच्या वेळीच मराठीतून पेटीवर छापलेले असावे.