फावला वेळ आणि वाचन : नागपूरच्या वाचनव्यवहाराचा एक ऐतिहासिक विचार

मराठी ग्रंथव्यवहाराचा इतिहास प्रायः लेखक, प्रकाशक आणि नियतकालिके यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. वाचक त्यात येतो तो ‘रसिक’ या मोघम नावाने. त्यातही परीक्षा, पदवी किंवा धर्माचरण यांपैकी कशाचीही सक्ती नसताना, केवळ आवड म्हणून जे वाचले जाते, त्याला ‘फावल्या वेळचे वाचन’ म्हणून बाजूला सारले जाते. या शब्दप्रयोगात किंचित तुच्छता आहे. परंतु त्यात एक ऐतिहासिक प्रश्नही दडलेला आहे : फावला वेळ कोणाच्या वाट्याला आला, आणि केव्हा आला? नागपूरसारख्या शहराच्या संदर्भात हा प्रश्न विचारल्याखेरीज तेथील वाचनाचे आकलन पुरे होत नाही.

१८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झाले. १८६७ मध्ये मुंबईकडून येणारा लोहमार्ग येथे पोहोचला. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, १८८३ मध्ये हिस्लॉप व १८८५ मध्ये मॉरिस ही महाविद्यालये निघाली. म्हणजे पंचवीस वर्षांच्या आत कचेरी, गिरणी आणि महाविद्यालय या तिन्ही संस्था या शहरात उभ्या राहिल्या. तिघींनीही माणसाचा दिवस घड्याळाला बांधला. मात्र घड्याळ सर्वांना सारखे वागविणारे नव्हते.

कचेरीतील कारकून आणि महाविद्यालयीन विद्यार्थी यांना रविवार व सणावारांच्या सुट्या होत्या. त्यांच्या हाती मुंबई-पुण्याकडे छापलेली पुस्तके व मासिके रेल्वेने येऊ लागली. नागपूर राजकीयदृष्ट्या मुंबई इलाख्याबाहेर होते, पण मराठी मनोरंजनाच्या बाबतीत ते पुण्याचेच गिऱ्हाईक राहिले. १८९० मध्ये हरि नारायण आपटे यांनी पुण्यातून ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले. १८९५ मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्र यांचे ‘मनोरंजन’ निघाले आणि १९०९ मध्ये त्याच्या दिवाळी अंकाने एक प्रथाच पाडली. या दोन्ही नावांकडे लक्ष द्यावयास हवे. वाचकाला बोध नव्हे तर विरंगुळा देऊ, असे ती उघडपणे सांगतात. प्रत्यक्षात ‘करमणुकी’तून क्रमशः प्रसिद्ध झालेली कादंबरी होती ‘पण लक्षांत कोण घेतो?’. बालविवाह, वैधव्य आणि केशवपन यांची एका स्त्रीने स्वमुखाने सांगितलेली ही कहाणी करमणूक म्हणून घरात शिरली. गंभीर वाचन वेगळे आणि विरंगुळ्याचे वाचन वेगळे, ही समीक्षेने पुढे दृढ केलेली विभागणी मराठी कादंबरीच्या या महत्त्वाच्या टप्प्यावरच लागू पडत नाही. शिवाय वर्गणीदारांच्या यादीवरून वाचक मोजण्याची पद्धतही येथे फसते. वर्गणी घरातील पुरुषाच्या नावे असली, तरी दुपारी अंक कोणाच्या हाती असे, याची नोंद कोणत्याही वहीत सापडणार नाही.

गिरणीतील माणसाचे काय? ‘करमणूक’ निघाल्यानंतर वर्षभराने, १८९१ च्या कारखाना कायद्याने आठवड्याची एक सुटी मान्य केली. प्रौढ पुरुषाच्या कामाच्या तासांना मात्र मर्यादा नव्हती. ती १९११ मध्ये कापडगिरण्यांपुरती आली, तीही दिवसाला बारा तासांची. १९२२ मध्ये ती अकरा तास आणि आठवड्याला साठ तास झाली. १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांसाठी दहा तास आणि चौपन्न तास. अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा प्रत्यक्षात यायला चाळीसचे दशक अर्धे सरावे लागले. बारा तास साच्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला वाचनाची आवड नाही असा निष्कर्ष काढणे हे इतिहासाचे नव्हे, सुस्थितीचे लक्षण आहे.

तरीही या वस्तीत वाचन होते. फक्त ते डोळ्यांपेक्षा कानांचे अधिक होते. श्रावणात ‘पांडवप्रताप’ किंवा ‘हरिविजय’ एकाने वाचावा आणि दहा जणांनी ऐकावा, ही जुनीच रीत. तीच रीत वर्तमानपत्राला लागू झाली. मोहपा येथे जन्मलेले किसन फागुजी बनसोडे (१८७९–१९४६) यांनी नागपुरात छापखाना काढून ‘मजूर पत्रिका’, ‘चोखामेळा’ यांसारखी पत्रे चालविली. ज्यांना शाळेच्या ओसरीवरही जागा मिळत नव्हती, त्यांच्या मोकळ्या घटकेवर हक्क सांगणारे हे लेखन होते. त्याला करमणूक म्हणावे की नाही, याचा निर्णय ऐकणाऱ्यांकडेच सोडणे उचित.

१९२३ हे वर्ष विदर्भाच्या वाङ्मयीन इतिहासात दुहेरी महत्त्वाचे आहे. विदर्भ साहित्य संघ आणि नागपूर विद्यापीठ यांची स्थापना त्याच वर्षीची. या दोन्ही प्रकारच्या संस्थांनी अभिरुचीचे मापदंड घडविले. पण कपाटातून सतत बाहेर राहणारी पुस्तके या मापदंडांना जुमानत नव्हती. बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळापहाड हे नायक ज्यांना ठाऊक नाहीत असे त्या पिढीतील वाचक थोडे, आणि वाङ्मयेतिहासात त्यांना मिळालेली पृष्ठेही थोडीच. चंद्रकांत काकोडकर यांच्या ‘श्यामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयाने दोषी ठरविलेल्या या लेखकाला १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष ठरविले. ज्या पुस्तकांना समीक्षक दखलपात्र मानीत नव्हते, त्यांची दखल न्यायालयाला घ्यावी लागली, हा विरोधाभास बोलका आहे.

नागपूरकर वाचकाचे आणखी एक वैशिष्ट्य त्याच्या द्वैभाषिकतेत आहे. १९५६ पर्यंत हे शहर हिंदी-मराठी अशा संमिश्र राज्याच्या राजधानीचे ठिकाण होते. त्यामुळे १९५८ पासून दिल्लीहून हिंद पॉकेट बुक्सची स्वस्त पुस्तके निघू लागली, तेव्हा ती वाचण्यासाठी येथील मराठी माणसाला वेगळी भाषा शिकावी लागली नाही. केवळ मराठी ग्रंथांच्या आधारे येथील आवडीनिवडीचा अंदाज बांधणे म्हणूनच अपुरे ठरते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने (१९६७) ग्रंथालयांना वर्गवारीनुसार अनुदान मिळू लागले. त्या वर्गवारीत ग्रंथसंख्या मोजता येते. एखादे पुस्तक शिवण उसवेपर्यंत किती घरांतून फिरले, हे मोजता येत नाही.

याच शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेव्हापासून धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जो जनसागर लोटतो, त्याच्याभोवती पुस्तकांची एक मोठी बाजारपेठ उभी राहिली आहे. चरित्रे, गीतसंग्रह, छोट्या पुस्तिका, आत्मकथने आणि १९७९ पासून शासनाने प्रकाशित केलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे जाडजूड खंडही तेथे हातोहात विकले जातात. हे ग्राहक बहुतांशी कोणत्याही ग्रंथालयाचे वर्गणीदार नसतात. सुटीच्या दिवशी, पदरच्या पैशाने आणि कोणी नेमून दिलेले नसताना ते पुस्तक निवडतात. फावल्या वेळच्या वाचनाची कोणतीही व्याख्या केली तरी तिच्या सर्व अटी येथे पूर्ण होतात. मात्र वाचनसंस्कृतीच्या ऱ्हासाची चर्चा महाविद्यालयीन परिसंवादांतून होते, तेव्हा या खरेदीचा उल्लेख ‘चळवळीचे साहित्य’ या सदरात होतो, वाचनाच्या सदरात नाही. पिशवीत शिदोरीशेजारी ठेवलेले ते पुस्तक परतीच्या गाडीतच उघडले जाते, आणि डब्यात एखादा मोठ्याने वाचू लागला की शेजारचे ऐकू लागतात.