हवा गेलेलं चाक

चाकाचा इतिहास म्हटला की शाळेच्या पुस्तकात सुमेर येतं, कुंभाराचं चाक येतं, फार तर युद्धाचा रथ येतो आणि धडा संपतो. पण चाक फिरवणं एक वेळ सोपं, ते टिकवणं अवघड. आपल्याकडे बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात आणि वर पाणी ओततात. धाव आक्रसते आणि सगळं चाक आवळून धरते. चाकाचा जीव त्याच्या कडेत असतो, हे आपल्या सुतार-लोहारांना कुणी शिकवावं लागलं नाही.

अमेरिकेत 'रॉक क्रॉलिंग' नावाचा एक प्रकार आहे. जीपसारखी गाडी घेऊन मोठमोठ्या शिळांवरून माणसाच्या चालीपेक्षाही हळू, अक्षरशः रांगत जायचं. या मंडळींनाही चाकाच्या कडेचाच प्रश्न पडला. त्याचं उत्तर मात्र त्यांच्या आधी युद्धाने शोधून ठेवलं होतं.

सप्टेंबर १९४० मध्ये बॅन्टम कंपनीने जीपचा पहिला नमुना अमेरिकी लष्कराला दिला. पुढे विलिस आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांवर जीपा बनवल्या. सुरुवातीच्या जीपांची चाकं साधी, एकसंध पत्र्याची होती. रणांगणावर अडचण अशी, की टायरला गोळी लागली, हवा गेली आणि तरीही गाडी पळवावी लागली, तर टायर रिमवरून निसटायचा. मग गाडी जागच्या जागी बसलीच! म्हणून 'कॉम्बॅट व्हील' आलं. त्याची रिम दोन भागांची, बोल्टांनी जोडलेली. टायरच्या आत दोन्ही कडांच्या मध्ये एक मजबूत कडं बसवायचे. ते कडं टायरच्या कडा रिमला दाबून धरायचं. हवा नसली तरी टायर जागेवर राही आणि गाडी निदान माऱ्याच्या टप्प्यातून बाहेर पडे.

या चाकात एक धोकाही होता. रिमचे दोन भाग जोडणारे नट वेगळे आणि चाक गाडीला जोडणारे नट वेगळे. टायरमध्ये हवा असताना कुणी चुकून रिमचे नट सोडले, तर दोन्ही भाग उडून माणसाचा जीव जाऊ शकतो. आधी हवा काढायची, मग पाना लावायचा. जुन्या लष्करी जीपा हौसेने दुरुस्त करणाऱ्यांनी हा नियम आजही विसरू नये.

युद्ध संपलं आणि जीप नागरी जीवनात आली. (आपल्याकडे महिंद्रांनी ती १९४७ पासून आणली, हे बहुतेकांना माहीत असेल.) कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा डोंगरात जॉर्जटाउनपासून टाहो सरोवराकडे जाणारी रूबिकॉन नावाची जुनी वाट आहे. तिथे एके काळी घोडागाड्या जात. नंतर वाट मोडली, दगड उघडे पडले. १९५३ च्या ऑगस्टमध्ये मार्क स्मिथ आणि त्यांच्या गावकरी मित्रांनी तिथे जीपांची सहल काढली. ५५ जीपा आणि १५५ माणसं! गावात चार पैसे यावेत हा साधा हेतू. युटामधल्या मोआबजवळ युरेनियम शोधणाऱ्यांनी १९५० च्या दशकात डोंगरात रस्ते कोरले होते. तिथे १९६७ पासून ईस्टरच्या सुमारास जीपांची सफर सुरू झाली.

या दगडांवर एक उलटाच शहाणपणा उपयोगी पडला. रस्त्यावर टायरमध्ये तीसेक पौंड हवा असते, इथे ती बारा-पंधरा पौंडांवर आणायची. टायर मऊ झाला की दगडाला मिठी मारतो, जमिनीला जास्त टेकतो, घसरत नाही. म्हणजे सैनिकाच्या टायरची हवा शत्रू काढत होता, इथे माणूस आपण होऊन काढतो. पण संकट तेच! हवा कमी झाली की टायर रिमवरून निसटतो. शिवाय मधली हवेची गादी गेल्यामुळे रिमची कड थेट दगडावर आपटते.

म्हणून 'बीडलॉक' आलं. यात टायरची बाहेरची कड रिम आणि एका जाड कड्याच्या मध्ये धरून, भोवती दोन डझन किंवा जास्त बोल्ट आवळतात. मग हवा दहा पौंडांखाली गेली तरी टायर हलत नाही. तेच कडं दगडाचे घावही झेलतं. काही जण साध्या लोखंडी रिमच्या कडेला पोलादी पट्टी वेल्डिंग करून ती जाड करून घेतात. मात्र बोल्ट सैल होतात, ते पुन्हा पुन्हा तपासावे लागतात. हा कंटाळा ज्याला आहे, त्याने बीडलॉकच्या वाटेला जाऊ नये.

रिम कुठली घ्यावी, हाही जुना वाद आहे. अ‍ॅलॉयची रिम हलकी आणि देखणी असते, पण जबर मार बसला तर तडकू शकते. लोखंडी रिम जड, पण ती आधी वाकते आणि वाकलेली कड हातोड्याने ठोकून निदान घरी पोहोचण्यापुरती सरळ करता येते. गाव जिथे कोसांवर आहे, तिथे हा फरक मोठा. रिमचा व्यासही फार मोठा नको, कारण टायरची भिंत उंच असेल तरच त्याला दबायला जागा मिळते.

मला यात एक गोष्ट फार मोलाची वाटते. मजबूत म्हणजे टणक, असं आपण समजतो. पण इथे टायर मऊ केला, लोखंड वाकू दिलं आणि फक्त कड पक्की धरली. काय सैल सोडायचं आणि काय घट्ट धरायचं, एवढंच ओळखायचं. गाडी चढते ती त्यामुळे. घर आणि शाळाही तशाच चालतात, असं मला इतक्या वर्षांनंतर वाटतं.