गोथेनबर्ग १९५५: तीन पटांवर एकच डाव

मागच्या भागात सिसिलियन बचावावर बोललो होतो, आज त्यातल्या सगळ्यात तिखट शाखेची गोष्ट. नायडॉर्फ प्रकार.

१९५५, स्वीडनमधलं गोथेनबर्ग. इंटरझोनल स्पर्धा, म्हणजे जगज्जेतेपदाच्या वाटेवरचा टप्पा. चौदाव्या फेरीत योगायोग असा, की अर्जेंटिनाचे तिघे काळी मोहरी घेऊन तीन सोव्हिएत खेळाडूंसमोर बसले. केरेसविरुद्ध स्वतः मिगेल नायडॉर्फ, गेलरविरुद्ध पानो, आणि १८ वर्षांच्या स्पास्कीविरुद्ध पिल्निक. तिघांनी मिळून घरी एक हत्यार तयार केलं होतं: नवव्या चालीला g5! पांढऱ्याच्या प्याद्याने ते मारलं, की काळा घोडा d7 वर जाणार आणि तिथून e5 चं घर धरणार. कल्पना वाईट नव्हती हो.

पण तिन्ही पटांवर पांढऱ्याने अकराव्या चालीला e6 वर घोड्याचा बळी दिला. वजिराचा शह, काळा राजा f8 वर. सांगतात, की नायडॉर्फ गेलरच्या पटापाशी आला आणि म्हणाला, हे सगळं आम्ही तपासलंय, तुमचा डाव गेला. गेलर विचारात बुडाला आणि खेळला उंट b5! a6 चं प्यादं त्याला सरळ खाऊ शकतं. पण खरी धमकी आहे कॅसलिंगची. f पट्टी मोकळी आहे, त्यामुळे कॅसलिंग करतानाच हत्तीचा शह बसतो. केरेस आणि स्पास्कीनेही तीच चाल केली.

पानोने तेराव्या चालीला घोडा e5 वर नेला. नायडॉर्फ आणि पिल्निकने राजा g7 वर. त्या दोघांवर सतराव्या चालीला f7 वर हत्तीचा बळी पडला, अगदी जुळ्यांसारखा. शेवटी तिघेही हरले. मला विचाराल तर श्रेय गेलरचं. बाकी दोघांना उत्तर समोर दिसत होतं. पानो आणि पिल्निक तरीही कँडिडेट्सला पोचले. ज्याच्या नावाचा बचाव, तो नायडॉर्फ मात्र बाहेर राहिला.

मग g5 मोडीत निघालं का? तीन वर्षांनी पोर्तोरोझमध्ये, शेवटच्या फेरीत, १५ वर्षांच्या बॉबी फिशरने ग्लिगोरिचविरुद्ध मुद्दाम हीच स्थिती येऊ दिली. उंट b5 वर आला, तेव्हा त्याने हत्ती h7 वर ठेवला. डाव बरोबरीत सुटला.