मतदार, सभासद आणि विद्यार्थी

निवडणूक म्हणजे पाच वर्षांतून एकदा येणारी घटना, अशी समजूत शाळेतले नागरिकशास्त्र करून देते. नगर जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला ती फार दिवस बाळगता येत नाही. (२०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, बोलण्यात तो अजून 'नगर'च आहे.) ग्रामपंचायत, विकास सेवा सोसायटी, बाजार समिती, दूध संस्था, साखर कारखाना, जिल्हा बँक अशा निवडणुका येथे एकामागून एक चालूच असतात. एकीचा गुलाल धुऊन निघत नाही तोच दुसरीची पॅनेले ठरू लागतात. या जिल्ह्यात शिकलेल्या आम्हां विद्यार्थ्यांना राजकारण वर्तमानपत्रातून कळण्याच्या आधी घरातून कळले. आजोबा कोणत्या गटाचे, सोसायटीत चुलते कोणाच्या पॅनेलमध्ये, कारखान्याच्या सर्वसाधारण सभेला कोण उठून बोलले, हे ऐकतच आम्ही मोठे झालो.

या परिचयाचा एक इतिहास आहे. प्रवरेच्या आणि गोदावरीच्या कालव्यांनी जिल्ह्याच्या उत्तर भागात ऊस आणला. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले. त्या काळात उसाचा कारखाना म्हणजे खाजगी कंपनीचा कारखाना. तेथे शेतकरी हा ऊस घालणारा किंवा जमीन खंडाने देणारा. निर्णयात त्याला स्थान नव्हते. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी, धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्या साहाय्याने, शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना उभा केला. प्रवरानगरच्या या कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा, आणि अर्थशास्त्रज्ञ गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष होते.

ही तारीख आम्हांला महत्त्वाची वाटते. देशातील पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ ची. म्हणजे प्रौढ मताधिकार आणि सहकारी सभासदत्व या दोन गोष्टी येथल्या शेतकऱ्याच्या आयुष्यात जवळपास एकाच वेळी आल्या. दोहोंचे तत्त्वही सारखे. कंपनीत ज्याचे भाग जास्त त्याची मते जास्त. सहकारात भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच. दोन एकरवाला आणि पन्नास एकरवाला मतपेटीपुढे सारखेच, हा अनुभव जातीपातीच्या उतरंडीत वाढलेल्या गावाला नवा होता. पुढे संगमनेर, कोपरगाव, श्रीरामपूर, राहुरी, सोनई, भेंडे येथे कारखाने उभे राहिले आणि हा अनुभव जिल्हाभर पसरला. ग्रामीण महाराष्ट्राच्या राजकीय शिक्षणाचा इतिहास लिहायचा तर त्यात पक्षांच्या अधिवेशनांइतकेच स्थान कारखान्यांच्या सर्वसाधारण सभांना द्यावे लागेल.

मात्र दोन मतांमध्ये एक भेदही होता. लोकसभेच्या मतदाराचा शासनाशी संबंध दूरचा. सभासदाचा कारखान्याशी संबंध रोजचा. उसाला तोड केव्हा मिळणार, गाडी काट्यावर केव्हा जाणार, पहिला हप्ता किती निघणार, यांवर घराचे वर्ष अवलंबून. पीककर्ज जिल्हा बँकेकडून सोसायटीमार्फत येते आणि त्याची वसुली उसाच्या बिलातून कापली जाते. जिल्हा बँकेच्या निवडणुकीत सोसायटीच्या वतीने कोण मत देणार, हे सोसायटीच्या ठरावाने ठरते. म्हणून गावची सोसायटी ताब्यात असणे ही लहान गोष्ट नसते. कारखान्याभोवती शाळा, महाविद्यालय, दवाखाना उभा राहतो. मुलाचा प्रवेश, मुलीची नोकरी, आईचे औषधपाणी यांसाठी त्याच वर्तुळात जावे लागते. आणि या साऱ्या संस्थांचे नेतृत्व करणारे घराणेच बहुधा विधानसभेला वा लोकसभेला उमेदवार असते.

अशा वेळी मत देणारा माणूस केवळ मतदार उरत नाही. तो सभासद असतो, कर्जदार असतो, पालक असतो. मतपत्रिका गुप्त असते, पण मत देणाऱ्याचे बाकीचे आयुष्य गुप्त नसते. तो कोणाच्या सभेला गेला, कोणाच्या गाडीत बसला, कोणाच्या लग्नाला गेला नाही, हे गाव पाहत असते. याला निव्वळ दडपशाही म्हणणे सोपे, पण ते पूर्ण खरे नाही. त्याच नेतृत्वाने पाणी, शाळा आणि भाव मिळवून दिला, ही कृतज्ञताही त्यात असते. कृतज्ञता आणि भीती एकमेकींत मिसळल्या की त्या माणसाला स्वतःलाही वेगळ्या करता येत नाहीत. नगरच्या राजकारणाचे खरे कोडे आम्हांला येथे दिसते.

या वर्तुळाबाहेरचेही अनेक आहेत. सभासदत्व जमिनीला आणि उसाला बांधलेले. जमीन बहुधा पुरुषाच्या नावावर. म्हणून शेतात राबणारी बाई लोकसभेची मतदार असते, कारखान्याची सभासद क्वचितच. पाथर्डी-शेवगावकडचा ऊसतोड मजूर तर साखरेच्या या सगळ्या व्यवहाराचा पाया. पण साखरेच्या राजकारणात त्याला मत नाही. विधानसभेचे मतदान हंगामाच्या तोंडावर आले, जसे २०२४ साली २० नोव्हेंबरला आले, तर गावचे मत देण्यासाठी गावी थांबायचे की कोयता घेऊन निघायचे, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. सहकाराने 'एक सभासद, एक मत' हे तत्त्व दिले, पण सभासद कोण, हा प्रश्न मात्र मागे ठेवला.

रोजच्या आयुष्यात इतके गुंतलेले राजकारण कडवट झाले की काय होते, हे १९९१ च्या लोकसभा निवडणुकीने दाखवले. त्या वर्षी नगर मतदारसंघातून काँग्रेसचे यशवंतराव गडाख आणि अपक्ष उभे राहिलेले बाळासाहेब विखे पाटील यांची लढत झाली. दोघेही सहकारातून आलेले, दोघांमागेही कारखाने आणि शिक्षणसंस्था. गडाख निवडून आले. प्रचारसभांतून आपल्या चारित्र्याविषयी खोटी विधाने झाली, असा अर्ज विखे पाटलांनी उच्च न्यायालयात केला. उच्च न्यायालयाने ही निवडणूक रद्द ठरवली आणि नोव्हेंबर १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गडाखांविरुद्धचा निष्कर्ष कायम केला. याच प्रकरणात शरद पवारांवर उच्च न्यायालयाने ठेवलेला ठपका मात्र सर्वोच्च न्यायालयाने दूर केला.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी हे प्रकरण कायद्याच्या विद्यार्थ्यांइतकेच अभ्यासावे, असे आम्हांला वाटते. येथे न्यायालयाला मराठी सभेतले वाक्य वाचायचे होते. वक्ता काय म्हणाला, ते विधान वस्तुस्थितीविषयी की नुसती टीका, श्रोत्यांनी त्याचा अर्थ काय घेतला असेल, हे ठरवायचे होते. अर्थनिर्णयाचे हे प्रश्न आपण वर्गात कवितेला विचारतो. येथे त्यांच्या उत्तरावर एक खासदारकी अवलंबून होती. निकालाच्या ओघात न्यायालयाने असेही सुचवले की, प्रचाराची पातळी राखण्याची पहिली जबाबदारी वरच्या नेतृत्वाची. तेथून जो पायंडा पडतो तोच खाली झिरपतो.

निवडणुकीच्या कडवटपणाला याच जिल्ह्याने दुसरेही एक उत्तर दिले: 'बिनविरोध'. हिवरे बाजार हे त्याचे सर्वांत नावाजलेले उदाहरण. १९८९ साली पोपटराव पवार तेथे बिनविरोध सरपंच झाले आणि त्यानंतर सुमारे तीस वर्षे गावात ग्रामपंचायतीसाठी मतदान झाले नाही. निवडणुकीने गाव फुटते, फुटलेल्या गावात पाणलोटाची कामे होत नाहीत, असा त्यामागचा विचार. दुष्काळी गावाचे जे रूपांतर झाले ते सर्वज्ञात आहे. २०२१ च्या जानेवारीत मात्र तेथे मतदान झाले. पवारांच्या पॅनेलने सातही जागा जिंकल्या. म्हणजे लोकांचा कौल बदलला नव्हता. पण तो कौल मोजून पाहावा असे काहींना वाटले, हेही खरेच.

बिनविरोध गावाचे कौतुक करताना एक गोष्ट विसरली जाते. हिवरे बाजारने मतदान बाजूला ठेवले, पण ग्रामसभा बाजूला ठेवली नाही. शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही, जास्त पाणी पिणारी पिके घ्यायची नाहीत, यंदाच्या पावसावर कोणते पीक परवडेल, हे ग्रामसभेत बसून ठरले. एक हक्क वापरला गेला नाही, तेव्हा दुसरा अधिक वापरला गेला. जेथे असा मोबदला नाही तेथे 'बिनविरोध' म्हणजे फक्त चार प्रतिष्ठितांनी ओट्यावर बसून केलेली वाटणी.

आता आमच्याकडे, म्हणजे विद्यार्थ्यांकडे, वळतो. १९८९ साली एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आले. महाविद्यालयात पाऊल ठेवणारा मुलगा वा मुलगी देशाचे सरकार निवडण्यास पात्र ठरली. त्याच वर्षी मुंबईत महाविद्यालयीन निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला आणि विद्यार्थी निवडणुकांविरुद्ध मत तयार होत गेले. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका संपल्या. वर्गातला गुणवत्तेने पहिला विद्यार्थी प्रतिनिधी ठरू लागला. पाचेक वर्षांत एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले गेले. अठराव्या वर्षी पंतप्रधान ठरवण्यात वाटा आहे, पण वाचनालय रात्री किती वाजेपर्यंत उघडे असावे हे सांगणारा प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार नाही.

२०१६ च्या नव्या कायद्याने विद्यार्थी परिषदेच्या खुल्या निवडणुकांची तरतूद केली. २०१९ मध्ये त्या घेण्याचे ठरले आणि विधानसभेच्या निवडणुका आल्या म्हणून पुढे ढकलले गेले. त्यांच्या निवडणुकीसाठी आमची थांबली. पुढच्याच वर्षी करोनाने महाविद्यालयेच बंद झाली.

निवडणुकीने महाविद्यालय फुटते, हा युक्तिवाद गाव फुटण्याच्या युक्तिवादासारखाच आहे आणि तो खोटा नाही. खून झाला होता, हाणामाऱ्या होत होत्या. पण हिवरे बाजारात मतदानाच्या जागी ग्रामसभा आली, तशी महाविद्यालयात कोणती सभा आली? आमच्या पाहण्यात तरी नाही. गुणवत्तेने आलेला प्रतिनिधी हुशार असतो, पण तो कोणाला उत्तर देण्यास बांधलेला नसतो. कारण त्याला कोणी निवडलेलेच नसते.

याचा परिणाम नगरसारख्या जिल्ह्यात अधिक खोल होतो. येथल्या विद्यार्थ्याला निवडणूक अनोळखी नाही. उलट अतिपरिचयाची आहे. पण तो तिला ओळखतो ती कार्यकर्ता म्हणून: झेंडा लावणारा, मतदारांना गाडीतून आणणारा, स्लिपा वाटणारा. स्वतः उमेदवार होणे, हरणे, हरल्यानंतर दुसऱ्या दिवशी जिंकलेल्याच्या शेजारी बाकावर बसणे, हे शिक्षण त्याला कोठेच मिळत नाही. ज्या एका जागी त्याच्या मतावर ना उसाची तोड अवलंबून, ना कर्ज, ना घरच्यांचे संबंध, ती जागा महाविद्यालय होती. कृतज्ञता आणि भीती यांच्यावाचून मत देऊन पाहण्याची तेवढीच एक संधी होती, आणि नेमकी तीच बंद झाली.

या जिल्ह्यातील नेत्यांनी आत्मचरित्रे लिहिली आहेत. भाऊसाहेब थोरातांचे 'अमृतमंथन', यशवंतराव गडाखांचे 'अर्धविराम', बाळासाहेब विखे पाटलांचे 'देह वेचावा कारणी' ही त्यांतली ठळक नावे. ती वाचायला हवीत. सहकाराचा इतिहास त्यांवाचून कळणार नाही. परंतु त्यांत मत मागणाऱ्याचे आयुष्य आहे. मत देणाऱ्याने ते कसे ठरवले, कोणाला दुखवायचे नाही म्हणून काय गिळले, कोणाचे उपकार कसे फेडले, याची नोंद आजी-आजोबांच्या बोलण्यात आहे आणि ती पिढी आता थकत चालली आहे. साहित्याच्या आणि इतिहासाच्या विभागांनी प्रकल्पासाठी विषय शोधत लांब जाण्याची गरज नाही. कारखान्याची पहिली सभा आठवणारे, १९९१ ची भाषणे ऐकलेले, कधीच सभासद न झालेल्या बायका आणि हंगामात मत हुकलेले मजूर यांच्याकडे वही घेऊन बसावे. मतदाराचा इतिहास तेथून सुरू होईल, आणि तो लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आपले मत कोठे कोठे बांधलेले आहे हेही त्यातून कळेल.