जालना जिल्हा : शहर-खेड्यांच्या राहणीमानातील तफावत

जालना जिल्ह्यात (मराठवाडा, महाराष्ट्र) जिल्ह्याचे शहर आणि भोवतालची खेडी यांच्या उत्पन्नात, पाण्यात, शिक्षणात व दळणवळणात आढळणारी विषमता. लोखंडी सळई आणि संकरित बियाणे या दोन धंद्यांनी जालना शहराचे नाव देशभर नेले. जिल्हा मात्र राज्यातील मागास जिल्ह्यांच्या यादीत वर्षानुवर्षे ठाण मांडून आहे. ‘जालना सोने का पालना’ ही जुनी म्हण व्यापारी पेठेपुरती खरी. मंठा किंवा जाफराबादकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला ती कधी लागू पडली असेल असे वाटत नाही.

१ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद आणि परभणीतील परतूर एकत्र करून हा जिल्हा झाला. पुढे बदनापूर, घनसावंगी व मंठा धरून तालुके आठ झाले. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १९,५९,०४६ होती. तीत नागरी लोकसंख्या अवघी १९.२७ टक्के, आणि तिच्यातलेही चारांपैकी तिघे एकट्या जालना शहरात (२,८५,५७७). उरलेले अंबड, भोकरदन व परतूर या नगरपालिकांच्या गावांत. बदनापूर, मंठा, घनसावंगी, जाफराबाद ही तालुक्याची ठिकाणे तेव्हा कागदोपत्री खेडीच होती. नगरपंचायती नंतर आल्या. त्यामुळे २०११ चे ‘ग्रामीण’ आकडे वाचताना त्यांत तहसील कचेरी, बाजारपेठ आणि बसस्थानक असलेली गावेही आहेत, हे ध्यानात ठेवावे लागते. वाडी-तांड्याची स्थिती त्या सरासरीहून खाली धरावी. जालना शहराला २०२३ मध्ये महानगरपालिकेचा दर्जा मिळाला.

मोजमाप : या विषयावरची सर्वांत जाड कागदपत्रे समित्यांची आहेत. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये राज्याचा विकास अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये काढला. सर्वाधिक वाटा विदर्भाचा होता, मराठवाड्याचा जवळपास २४ टक्के. जिल्हा हा घटक आणि राज्याची सरासरी ही पट्टी, अशी ही रीत होती. तिने मराठवाड्याला आपले गाऱ्हाणे आकड्यांत मांडायला शिकवले, पण जिल्ह्याच्या आत शहराने किती घेतले आणि खेड्याला किती उरले, हे त्या पट्टीवर दिसतच नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२) अन्वये १९९४ मध्ये आलेल्या मराठवाडा वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. याच प्रादेशिक असमतोलावरचा विजय केळकर समितीचा अहवाल २०१३ चा.

राज्याच्या २००२ च्या मानव विकास अहवालात जालना तळाच्या जिल्ह्यांत होता. २००६ मध्ये मानव विकास मिशनसाठी पहिले बारा जिल्हे निवडले, त्यांतही तो आला. नीती आयोगाच्या बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकात (२०१५-१६ च्या पाहणीवर आधारित) जिल्ह्यातील २९.४१ टक्के लोक गरीब ठरले. नंदुरबार व धुळ्यानंतर राज्यात हा तिसरा क्रमांक. ही टक्केवारीही शहर-खेडे मिळून काढलेली आहे.

शहराचा पैसा : निजामी राजवटीत जालना छावणीचे आणि कापसाच्या व्यापाराचे गाव होते. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड-हैदराबाद रेल्वे आल्यावर मोंढा वाढला. आजचे वैभव भट्ट्यांचे आहे. भंगार वितळवून त्याची सळई करणारे कारखाने औद्योगिक वसाहतीत दाटीने उभे आहेत. भट्टीसमोरचा मजूर मात्र बराचसा उत्तर प्रदेश-बिहारकडून ठेकेदारामार्फत आलेला असतो. जिल्ह्यातल्या खेड्यांना या धंद्याने रोजगार दिला तो प्रामुख्याने हमाली, वाहतूक आणि पहारेकऱ्याचा. ऑगस्ट २०२२ मध्ये आयकर खात्याची पथके लग्नाच्या वऱ्हाडाचे स्टिकर लावलेल्या गाड्यांतून शहरात शिरली. सुमारे ३९० कोटींची बेहिशेबी मालमत्ता आणि ५६ कोटींची रोकड मिळाल्याच्या बातम्या आल्या आणि जालन्यात किती पैसा खेळतो, याचा देशाला अंदाज आला.

बियाण्यांचा धंदा खेड्याशी जास्त जोडलेला. बद्रीनारायण बारवाले यांनी ‘पुसा सावनी’ भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात करून १९६४ मध्ये महिको कंपनी स्थापली. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बीजोत्पादनाचे प्लॉट घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या हाती रोख पैसा आला. बीटी कापसाने (२००२) कोरडवाहू शेतकऱ्याचे भले केले की त्याचा खर्च वाढवला, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

पाणी : तफावतीचे मूळ येथे आहे, आणि ती केवळ शहर विरुद्ध खेडे अशी नाही. जायकवाडीचा २०८ किमी लांबीचा डावा कालवा अंबड, घनसावंगी, परतूर तालुक्यांतून जातो. कालव्याखालच्या पट्ट्यात ऊस, अंकुशनगर व तीर्थपुरीचे साखर कारखाने, सिमेंटची घरे, दारात ट्रॅक्टर. त्याच तालुक्यांत कालव्याच्या वरच्या अंगाला असलेल्या गावांत कापूस-सोयाबीन, आणि पाऊस गेला की टँकर. या दोन गावांतले अंतर कधी कधी गाव आणि शहर यांच्यातल्या अंतराहून मोठे भरते.

२०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. वर्षानुवर्षे जोपासलेली झाडे तोडून जळणाला गेली. टँकरच्या विकतच्या पाण्यावर बाग जगवणारे कर्जात रुतले. (जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.) शहराचा निजामकालीन घाणेवाडी तलाव आटला, तेव्हा नागरिक व उद्योजकांनी वर्गणी काढून गाळ उपसला आणि शेतकऱ्यांनी तो आपल्या ट्रॅक्टरने नेऊन माळरानावर पसरला. शहर आणि खेडे दोघांच्याही पदरात काही पडले, असे हे विरळा उदाहरण. पैठणहून जलवाहिनीने पाणी आल्यावरही नळ आठवड्याने सुटणे शहराला नवे नाही. ऐपत असलेला बोअर घेतो किंवा जार मागवतो. झोपडपट्टीतल्या बाईची घागर खेड्यातल्या घागरीइतकीच ताटकळते.

कडवंची (ता. जालना) हा अपवाद सर्वत्र उद्धृत केला जातो. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात १९९६ पासून खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीने बांधबंदिस्ती झाली, पुढे शेततळी आणि द्राक्षबागा आल्या. असे दुसरे कडवंची का होत नाही, याचे उत्तर प्रत्येक खाते वेगळे देते.

ऊसतोड व स्थलांतर : मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड भागांतून दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते; ती दवाखान्यात किंवा लग्नात खर्च झालेली असते आणि पश्चिम महाराष्ट्र वा कर्नाटकातल्या फडात फेडायची असते. उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृह असते; मुलगी बहुधा धाकट्याला सांभाळायला फडावर जाते. मुलींच्या लवकर लग्नांचा संबंध या स्थलांतराशी लावला जातो.

शिक्षण : साक्षरता ७१.५२ टक्के (२०११, राज्य ८२.३४), स्त्रियांत सुमारे ६१. मानव विकास मिशनच्या निळ्या एसटीने खेड्यांतल्या मुलींना बारावीपर्यंत तालुक्याच्या गावी नेले. रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा केंद्र जालना शहराजवळ आहे.

आरोग्य : शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये जालना शहरात सुरू झाले.

आंदोलने : अंतरवाली सराटी (ता. अंबड) येथे १ सप्टेंबर २०२३ रोजी मराठा आरक्षणाच्या उपोषणावेळी लाठीमार झाला आणि हे गाव राज्याच्या राजकारणाचे केंद्र बनले. पुढे जवळच्याच वडीगोद्रीत ओबीसींचे उपोषण झाले. या आंदोलनांमागे शेतीची दुरवस्था किती आणि राजकारण किती, याचा निवाडा या नोंदीत केलेला नाही.

दळणवळण व बाजार : समृद्धी महामार्ग बदनापूर व जालना तालुक्यांतून जातो (नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला). त्याला जोडणाऱ्या जालना-नांदेड मार्गाच्या भूसंपादनात मोबदल्याच्या दरावरून वाद झाले. रेशीम कोषांची बाजारपेठ २०१८ मध्ये जालन्यात सुरू झाली. तोवर शेतकरी कोषांच्या गोण्या घेऊन कर्नाटकात रामनगरला जात. मुंबईची वंदे भारत गाडी डिसेंबर २०२३ मध्ये मिळाली. अंबड, घनसावंगी, मंठा, भोकरदन व जाफराबाद येथे तेव्हा रेल्वेस्थानकच नव्हते. भोकरदन भागातून जाणाऱ्या जालना-जळगाव (१७४ किमी) मार्गाला केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली.